पाखरांची वहिवाट

"जैसे थे."

आक्कांना काहीही विचारा, उत्तर हेच. तब्येत कशी आहे, म्हैस दूध किती देते, लेकीकडची खुशाली काय. उजव्या हाताचा तळवा हवेत आडवा धरायचा, टेबलावरचा कागद पंख्यानं उडू नये म्हणून दाबून धरावा तसा, आणि म्हणायचं, "जैसे थे." चहात साखर किती घालू विचारलं तरी तेच. त्याचा अर्थ, मागच्या खेपेला घातली होती तेवढी घाल.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. कोर्टाच्या पायऱ्या चढून चढून तिथलीच भाषा घरी घेऊन येणारं. आमच्या आक्का त्यातल्याच, पण चार पावलं पुढच्या. सकाळी दूध घालायला उशीर झाला तर "हजेरी माफ करा" म्हणत यायच्या. मांजरीनं दुधात तोंड घातलं तर "आरोपी फरार". आणि शेजारच्या वावरातून त्यांचे सख्खे धाकटे दीर येताना दिसले, की आवाज जराही न वाढवता म्हणायच्या, "प्रतिवादी आले."

आमचं गाव घाटनांदूरच्या पलीकडं, बालाघाटच्या पायथ्याला. गावात बायकांची दूध संस्था होती. आक्का तिच्या अध्यक्ष आणि मी सचिव. माझे आई-वडील दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. त्यांच्या पोरीनं अंबाजोगाईच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. आक्का मला "कॉलेजवाले" अशीच हाक मारायच्या. त्यात थोडं कौतुक असायचं, थोडी टिंगल. दोन्ही मला चालायचं.

आता त्यांचं भांडण सांगते, कारण ते कळल्याशिवाय आक्का कळणार नाहीत.

आक्का तरणेपणीच विधवा झाल्या. पदरात एक लहान लेक. दोघा भावांची वाटणी आधीच झालेली होती, जमीन निम्मी निम्मी, मधे बांध. नवरा गेला त्याच साली दिरांचा नांगर बांधात घुसला. आमच्याकडं याला बांध कोरणं म्हणतात. यंदा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, पुढच्या साली आणखी एक. बोलून कोणी दाखवत नाही, पण बांध बारीक होत जातो आणि एका बाजूचं वावर रुंद. दिरांनी त्यावर एक पायरी पुढं जाऊन बांधावरच्या पाऊलवाटेत बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, टाकल्या. आक्कांचं शेत आत होतं. जायला दुसरी वाट नव्हती. लेकीला कडेवर घेऊन त्या ओढ्याच्या काठानं, काट्याकुट्यातून लांबचा वळसा घालून स्वतःच्याच शेतात जायच्या.

मग त्यांनी दावा लावला. दाव्यातला मुख्य शब्द होता वहिवाट. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण शहरात राहणाऱ्यांसाठी सांगते. ज्या वाटेनं कोणी वर्षानुवर्षं जातं-येतं, ती त्याची वहिवाट होते. जमीन कोणाच्याही नावावर असो, जाणं-येणं बंद करता येत नाही. कोर्टानं निकाल लागेपर्यंत हुकूम दिला, जैसे थे. आक्कांनी बांधावरून जावं-यावं, पण दोघांपैकी कोणी बांधाला नांगर, कुऱ्हाड, कुदळ लावू नये.

निकाल काही लागला नाही. तारखा लागत राहिल्या. आणि बांध वाढत राहिला.

म्हणजे खरोखर वाढला. आमच्या शिवारात सगळे बांध दोन्हीकडून कोरून कोरून बोडके झालेले. हा एकच बांध असा, की ज्याला कोणी हात लावायचा नाही. त्यावर लिंब उगवले, बोरी उगवल्या, बाभळी, हिवर, सीताफळ, मधे एक चंदनसुद्धा. दातवणाला लिंबाची काडी मोडायची तरी आक्का इकडून आणि दीर तिकडून एकमेकांवर डोळा ठेवून असत. दिरांना गावात आबा म्हणायचे. आबा दिसले की आक्का म्हशीशी बोलायच्या, मोठ्यानं. "बघ बाई, हुकूम मोडशील तर आत जाशील." म्हैस रवंथ करायची. आबा पलीकडून बैलाला म्हणायचे, "तू नको ऐकू रे, खटल्याशिवाय भाकर जात न्हाई कुनाकुनाला." दोघांचं एवढंच बोलणं, तेही जनावरांच्या मार्फत.

एकदा आक्कांची गाय तापली म्हणून मी डॉक्टरांना घेऊन त्यांच्या शेतात गेले. डॉक्टर गाईत गुंतले आणि मी बांधाकडं बघत उभी राहिले. लिंबाच्या शेंड्यातून एक पिवळाजर्द पक्षी खालच्या बोरीत उतरला. तिथून हिवरात, हिवरातून बाभळीत.

"आक्का, हळद्या!" मी जवळजवळ ओरडलेच.

"ते पिवळं व्हय? त्याचं मला काय सांगतीस कॉलेजवाले. ते फितूर हाय."

"फितूर?"

"रोज सकाळी त्याच्या लिंबावरनं येतं, माझ्या बोरीवर बसतं, माझी बोरं खातं आन परत त्याच्याच बाजूला जाऊन शीळ घालतं. साक्षीला उभं केलं तर कुनाचं बोलंल, काय भरवसा?"

मी हसले, पण अंगातली बी.एस्सी. गप्प बसू देईना. मी त्यांना हाताला धरून बांधावर नेलं आणि दाखवलं. वर डोंगर. डोंगराच्या कुशीत धावडा, सालई, पळस यांचं उरलेलं रान. खाली ओढा, ओढ्याकाठी उंबर आणि जांभळी. दोन्हीच्या मधे काळी ढेकळंच ढेकळं. उन्हाळ्यात डोंगर पार वाळतो. मग तिथल्या पाखरांना ओढ्यावर यावं लागतं, सावलीला, पाण्याला, उंबराला. पावसाळ्यात घरट्यासाठी परत वर. हळद्या पंखानं दमदार, तो एखादे वेळी झेपावत जाईल. पण निखार, नाचण, चष्मेवाला ही झाडांतली बारकी पाखरं. चिमणी-कावळ्यासारखी ती उघड्या रानावरून जात नाहीत. वरून शिक्रा, तो शिकारी पक्षी, बघत असतो. त्यांना आडोसा लागतो, एका झाडातून दुसऱ्या झाडात. आणि या अख्ख्या शिवारात डोंगरापासून ओढ्यापर्यंत सलग झाडं एकाच ठिकाणी उरली होती.

"ह्याच बांधावर?" आक्का म्हणाल्या.

"ह्याच बांधावर. तुमच्या भांडणानं ठेवलीत."

आक्कांनी बांधाकडं असं बघितलं, की जणू कोणी त्यांच्याच घरातली बंद खोली उघडून दाखवली.

"आन ही झाडं लावली कुनी? मी तर न्हाई लावली. त्यानं बी न्हाई."

"त्यांनीच. लिंबोळ्या खाल्ल्या, बोरं खाल्ली, बी टाकलं."

त्यांनी डोंगरापासून ओढ्यापर्यंत बांध नजरेनं मोजला. मग तळव्यावर तळवा मारून हसल्या. "मंजी लागवड त्येंची, जानं-येनं त्येंचं, कब्जा बी त्येंचा! आमी दोघं उगंच भांडायलोत. खरा वहिवाटदार वेगळाच निघाला की गं."

त्या दिवसापासून पाखरांना त्या "तिसरा पक्षकार" म्हणू लागल्या. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला सांगायच्या, "आमच्या दाव्यात तीन पक्षकार हायत. तिसऱ्याला पंख हायत. पक्षी म्हनल्यावर पक्षकार असनारच." वकिलांनाही एकदा सांगितलं. वकील म्हणाले, "आक्का, वकीलपत्रावर सही कोण करणार?" आक्का म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर करून ठेवलीय रोज एक."

पुढच्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ आलं आणि बांधावरचा सगळ्यात मोठा लिंब उन्मळून पडला. पडला तो नेमका बांधावर. आता उचलायचा कोणी? दोघांनाही हात लावायची बंदी. दोघं दोन बाजूंनी पडलेल्या लिंबाकडं बघत बसले आणि गावानं तो फांदी फांदीनं सरपणाला नेला. कोणाला विचारायची सोयच नव्हती, कारण मालक कोण हेच ठरलेलं नव्हतं. महिनाभरात लिंबाच्या जागी नुसता खड्डा आणि दोन्हीकडं उघडं रान. दात पडलेल्या तोंडासारखा बांध दिसायला लागला.

एका सकाळी दूध गेल्यावर आक्का मला म्हणाल्या, "चल, तुला काहीतरी दाखवायचं हाय." आम्ही जाऊन बोरीखाली बसलो. डोंगराकडून निखारांचा लहानसा थवा येत होता. नर काळे-तांबडे, माद्या पिवळसर, झाडातून झाडात ठिणग्या उडाव्यात तसे. खिंडारापाशी आले आणि थांबले. शेवटच्या हिवरात चिवचिव, पुढं कोणी जाईना. एक जरासा झेपावला, परत फिरला. मग अवसान आणून एक एक करत सुटले. दोन-तीन पार झाले. पुढच्यावर वरून काहीतरी करडं कोसळलं आणि हवेत दोन पिसं राहिली.

शिक्रा निघून गेला तरी हिवरातली उरलेली पाखरं हलली नाहीत.

आक्का त्यांच्याकडंच बघत होत्या. "मी बी अशीच उभी ऱ्हायची," त्या म्हणाल्या. "ओढ्यापाशी. लेकरू कडेवर. समोर माझं वावर दिसायचं. बोराट्या दिसायच्या. वाटायचं, जावं सरळ. मग वाटायचं, त्यो वरनं बघत आसंल."

त्यांच्या तोंडून कोर्टाचा एकही शब्द नसलेलं एवढं लांब बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या खिंडारात आक्कांची जुनी बैलगाडी उभी. वर तुरीच्या वाळल्या तुराट्यांचे भारे असे रचलेले, की लांबून झुडूप वाटावं. आबा धावत आले. त्या दिवशी रागाच्या भरात ते थेट माणसांशी बोलले. "हुकूम मोडला! बांधावर नवीन काय बी करायचं न्हाई!"

आक्का म्हशीला म्हणाल्या, "सांग बाई त्येन्ला, ही गाडी हाय. गाडीला चाकं असत्यात. झाडाला चाकं असत्यात का?"

आबांनी पुढच्या तारखेला गाडीबद्दल तक्रार दिली. तारीख पडली. गाडी राहिली. पहिले काही दिवस पाखरं तिला बिचकली, मग नाचण येऊन तुराट्यांत बसू लागली, आणि तिच्या मागं बाकीची.

त्यानंतर दुष्काळ आला. आमच्याकडं तो पाहुणा नाही, घरचाच आहे, पण त्या खेपेला जास्त राहिला. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही गेला. संस्थेत सकाळी कॅन भरेनात. बायका भांड्याच्या तळाशी दूध आणायच्या आणि झाकण न उघडताच माझ्या हातात द्यायच्या, लाज वाटल्यासारख्या. ऊसतोडीला आधीच निम्मं गाव गेलेलं. राहिलेल्या बायकांचा जीव एकेका गाईवर. चारा-छावणी लांब, तिथं गुरं घेऊन राहायला घरात माणूस नाही. बाजारात गाई मातीमोल जात होत्या, आणि घेणारा कशासाठी घेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाणी होतं एकाच विहिरीत. आबांच्या. ओढ्याजवळची ती विहीर उन्हाळ्यातही पाझरायची. पण आबांचं रान चढाचं आणि मुरमाड. चाऱ्याला योग्य अशी सपाट काळी जमीन होती आक्कांची. संस्थेनं आक्कांच्या वावरात मका आणि गवत करायचं, आबांनी पाणी द्यायचं, पाइप बांधाखालून न्यायचा, चारा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मीच हे मांडलं होतं, आणि मी अजून म्हणते की ते बरोबर होतं.

आबांनी निरोप पाठवला. पाणी देतो. पण दावा मागं घ्यायचा, बांध माझा म्हणून लिहून द्यायचा आणि झाडं तोडायची. सावलीनं माझं पीक बसतं.

संस्थेच्या खोलीत बैठक बसली. सगळ्या आक्कांच्या तोंडाकडं बघत होत्या. आक्का म्हणाल्या, "दावा मागं घेते. झाडांचं बघावं लागंल."

शेवंता म्हणून एक जिभेची फटकळ बाई होती. "आक्का, पाखरं किती लिटर घालत्यात हो संस्थेला?"

खोलीत हशा झाला. आक्काही हसल्या. "फॅट लई चांगली लागती त्येंची."

"हसू नका," शेवंता म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "माझी गाय ह्या गुरुवारी बाजारात जानार. मग काय तुमची पाखरं येऊन बसनार हायत माझ्या गोठ्यात? कावून एवढा हट्ट?"

हशा थांबला. आक्कांचा तळवा नेहमीसारखा उचलला गेला, पण शब्द बाहेर आला नाही. हात तसाच मांडीवर आला. शेवंताचं म्हणणं खोटं नव्हतं आणि हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? त्यांच्या स्वतःच्या गाईच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या.

"मला तारीख द्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"आता कशाची तारीख? गुरं मरायलीत!"

"उद्याची. एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोर्टात जायचं हिरवं लुगडं नेसलं आणि मला बोलावलं. "चल साक्षीदार म्हनून." मला वाटलं, अंबाजोगाईला. त्या आबांच्या घराकडं वळल्या. नवरा गेल्यानंतर तो उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. उठले, परत बसले, परत उठले.

"बसा वहिनी. कावून आलात?"

"भाऊजी," आक्का म्हणाल्या. मी चमकले. प्रतिवादी नाही, भाऊजी. "बांध घ्या."

"कोनता?"

"आपले भांडनाचे बांध किती हायत? घ्या. सगळाच घ्या. माझ्या बाजूचा सुदिक. हद्दीचा दगड माझ्या वावरात रोवा."

आबा माझ्याकडं बघायला लागले, यात काही कलम लपलंय का अशा नजरेनं. मी मान हलवली, मलाही काही माहीत नव्हतं.

"आन झाडं?"

"झाडं बी तुमचीच. निस्ती तोडायची न्हाईत. माझी वहिवाट मी सोडली. त्येंची तेवढी ऱ्हाऊ द्या."

"कुनाची?"

"पाखरांची."

आबांना हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. "वहिनी, पाखरांची वहिवाट कोर्ट मानतं व्हय?"

"कोर्टानं न्हाई मानली तरी चालंल. तुमी माना."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. इतकी वर्षं ज्या रेघेसाठी त्यांनी चपला झिजवल्या ती रेघ चालत घरी आली होती, आणि रेघेच्या पलीकडची जमीनही सोबत घेऊन आली होती. जिंकल्याचा आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. चालत्या गाडीतून मधल्याच स्टँडवर उतरवलं तर माणूस जसा इकडंतिकडं बघतो, तसे ते बघत होते.

मग आत बघून सुनेला म्हणाले, "वहिनीला चहा टाक." सुनेनं आतून विचारलं, साखर किती घालू. आक्का सवयीनं म्हणून गेल्या, "जैसे थे." म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की या घरात त्यांच्या चहाचं माप कोणाला माहीत असणार. सून तर तेव्हा जन्मलीही नसेल.

"दोन चमचे," आबा म्हणाले. "वरनं चिमूटभर."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. चहा येईपर्यंत काढला नाही.

वकिलांनी तडजोड लिहिली. पाखरांचं नाव घालायला ते तयार होईनात. बांधावरील झाडे तोडू नयेत, एवढं त्यांनी घातलं. आक्का नाराज झाल्या. "मूळ पक्षकाराचंच नाव न्हाई," असं पुटपुटतच त्यांनी सही केली. त्यांना सही करता यायची आणि ती त्या फार सावकाश, वळणदार करायच्या.

घाटनांदूरहून मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा पाइप टाकायला आले. बांधापाशी खणायला लागल्यावर मुळंच मुळं. चाचा म्हणाले, "आक्का, सीधा पाइप न्यायचा तर दोन झाडं जातील." आक्का म्हणाल्या, "मग वाकडा न्या." चाचांनी एका मुळाच्या खालून, दुसऱ्याच्या बाजूनं, पाइप सापासारखा वळवत काढला आणि घाम पुसत म्हणाले, "सीधा तो कोई भी डालता, आक्का. ह्येच्यात कारागिरी हाय."

मका उगवला, गवत उगवलं. सगळ्यांच्या गाई वाचल्या असं मी म्हणणार नाही. शेवंताची वाचली. आक्कांची नाही वाचली, पाणी यायच्या आधीच ती खचली होती. पाखरंही त्या उन्हाळ्यात कमीच दिसली. डोंगरातला झरा आटला होता, वरचं रान जळाल्यासारखं झालं होतं. नुसती वाट असून भागत नाही, दोन्ही टोकांना काहीतरी उरावं लागतं. पण जी होती ती त्याच बांधानं आली आणि पाऊस झाल्यावर त्याच बांधानं वर गेली. मी बघितलं आहे.

गावात मात्र एकच बोललं जायचं. आक्का हरल्या. शेवटी आबांनी बांध घेतलाच. आक्का कोणाला उलट उत्तर द्यायच्या नाहीत. मीही एकदा विचारलं, "आक्का, झाडं राखायची होती तर बांध सामाईक ठेवायचा. सगळा त्यांच्या नावावर कशाला?"

"गुडघे चालंनात गं तारखेला जायला," एवढंच म्हणाल्या.

हे काही मला पटलं नाही. कारण तारखा बंद झाल्यावर त्यांचं सगळ्यात जास्त बिघडलं. कोर्टाचा वार आला की त्या सकाळी अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन तयार व्हायच्या आणि मग आठवायचं की जायचं कुठंच नाही. मग तीच पिशवी घेऊन बांधावर जाऊन बसायच्या. पिशवीत भाकर, कांदा आणि तंबाखूची डबी. वहिवाट सोडून दिलेली असूनही रोज बांधावरूनच जायच्या, आणि आबांनी कधी हटकलं नाही. कधीकधी पलीकडून आबाही येऊन टेकायचे. दोघांच्या मधे एक बोरीचं झाड. बोलायला भांडण उरलं नव्हतं, त्यामुळं बहुतेक गप्पच असायचे.

आक्का एका हिवाळ्यात गेल्या. ताप आला, तो अंगावर काढत दूध घालायला येत राहिल्या, आणि चार दिवसांत संपलं. सकाळी संस्थेत दूध मापायला मी बसले होते. कोणी "हजेरी माफ करा" म्हणत आलं नाही आणि तेव्हाच मला कळलं, निरोप घेऊन माणूस नंतर आला.

लेक लातूरला दिलेली. तिच्यानं शेती होणार नव्हती, तिनं वावर विकलं, त्यात तिचा दोष काढण्यासारखं काही नाही. घेणारा परळीकडचा होता, तरुण, हुशार. त्याला सगळं रान एकसारखं सपाट करायचं होतं. एके दिवशी संस्थेत कॅन लावत असताना जेसीबीचा आवाज आला, आणि तो कुठून येतोय हे ध्यानात येताच मी कॅन तसेच टाकून धावले.

मशीन बांधापाशी उभं होतं. पुढचा पंजा वर उचललेला. आणि पंज्याच्या समोर, हिवराच्या बुडाशी आबा बसले होते. खूप थकले होते तेव्हा. काठी आडवी मांडीवर.

"काका, उठा ना," तो तरुण हात जोडून सांगत होता. "झाडं काढली तर तुमचं बी रान मोकळं हुईल. डिझेल माझं. लाकूड सगळं तुमी घ्या."

"मला ईचारलंस का?"

"तेच तर ईचारायलोय."

"मशीन आनून ईचारतूस व्हय बे?" आबांनी काठी जमिनीवर आपटली. "हा बांध कुनाचा हाय ठावं हाय का? माझा हाय. हिथनं तिथवर, ह्या दगडापातुर. माझ्या वहिनीनं लिहून दिलाय. मी जित्ता हाय तवर ह्याची एक काडी मोडून दाखीव. आन मी मेलो तर माझी पोरं हायत. तीन पिढ्या तारखा खायला लावीन!"

तो तरुण माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "खरं आहे. त्यांचाच आहे."

पंजा खाली आला. मशीन वळलं आणि ओल्या मातीत रुंद चाकोऱ्या पाडत निघून गेलं.

आक्कांना हे सगळं तेव्हाच दिसलं होतं का? मी सांगू शकत नाही. सामाईक बांध दोघांनी मिळून विकला असता, तोडला असता, निम्मा निम्मा वाटून घेतला असता. आबांच्या एकट्याच्या बांधाला मात्र आबा कोणाला बोट लावू देणार नव्हते, हे त्यांच्याशी इतकी वर्षं भांडलेल्या बाईला माहीत नसेल असं मला वाटत नाही. मी बी.एस्सी. करून पाखरांचा स्वभाव शिकले. आक्का एका माणसाचा स्वभाव शिकल्या होत्या, आणि त्यासाठी त्यांना बरंच काही भरावं लागलं होतं.

मी आबांना उठवायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत. दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली.

वरच्या फांदीवर एक नाचण येऊन बसली होती. काळसर, चिमूटभर. मशीनच्या आवाजानं दबून बसली असावी. तिनं शेपटीचा पंखा उघडला, मिटला, या अंगाला वळली, त्या अंगाला वळली. खाली आम्ही दोघं, आबांचा हात माझ्या हातात, श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग ती आमच्या डोक्यावरून, अगदी जवळून, पुढच्या बोरीत गेली. आबांनी माझा हात जरा दाबला. तिच्या मागं दुसरी होती.